अॅडम्स साहेब, ही टीम अजून किती वर्षं ‘घडतेय’?

बफेलो, २९ जून २०२५

प्रति,
श्री. केव्हिन अॅडम्स, जनरल मॅनेजर, बफेलो सेबर्स (एनएचएल या आइस हॉकी लीगमधली टीम)
आणि टीमचे मालक श्री. टेरी पेगुला

अॅडम्स साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय कारण मनातलं बोलायचं तर मला ते मराठीतच जमतं. माझा मुलगा याचं इंग्लिश करून तुमच्या ऑफिसला पाठवणार आहे, तसं त्याने कबूल केलंय. इथे टाकतोय ते बफेलो, रॉचेस्टर, टोरांटो या पट्ट्यातल्या आपल्या मराठी लोकांसाठी, ज्यांच्या घरात एक तरी पोरगं हॉकीवेडं असतंच, आणि भारतातल्या त्या मित्रांसाठी ज्यांना हॉकी म्हणजे मैदानावरची एवढंच माहितीये पण जे दर फोनला न चुकता विचारतात की तुझ्या त्या बर्फावरच्या टीमचं यंदा काय झालं.

काय झालं ते सांगतो. याच आठवड्यात तुम्ही जेजे पीटरकाला युटाच्या टीमला देऊन टाकलंत. २३ वर्षांचा मुलगा, गेल्या सीझनमध्ये २७ गोल आणि ४१ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला मदत), २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवी पोरं आळीपाळीने निवडतात तिथे, तुम्ही स्वतः दुसऱ्या राउंडला निवडलेला. मे महिन्यात आमच्या चिरंजीवांचा चौदावा वाढदिवस झाला तेव्हा त्याने मागून घेतली होती ती पीटरकाची ७७ नंबरची जर्सी. बातमी आली तेव्हा तो काही बोलला नाही, जर्सीची नीट घडी घातली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून आला. त्या कप्प्यात आधीच तीन आहेत, जॅक आयकलची ९, सॅम राइनहार्टची २३, डिलन कझन्सची २४. सगळ्यात खालची आयकलची, ती एवढीशी आहे, सहा-सात वर्षांच्या पोराची. मी नंतर एकटाच जाऊन तो कप्पा उघडून बघितला आणि त्याच रात्री ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

माझा काय संबंध, तर मी २००८ ला इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलो, मूळ रत्नागिरीजवळचा, बर्फ आयुष्यात पहिल्यांदा इथेच बघितला. लॅबमधल्या एका मित्राने मला पहिली मॅच दाखवली आणि मी अडकलो तो अडकलोच. २४ एप्रिल २०११, ईस्टरचा रविवार. फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, सात मॅचच्या सिरीजची सहावी मॅच आपल्या घरी होती, आपण ३-२ ने पुढे, जिंकलो की पुढच्या राउंडला. बायकोला आठवा महिना संपत आलेला, ती सोफ्यावर उशा लावून बसलेली, मी जमिनीवर. मॅच ओव्हरटाइमला गेली आणि व्हिले लेनोने गोल मारला, ५-४, खेळ खलास. दोन दिवसांनी सातवी मॅच तिकडे जाऊन हरलो. पोरगा मे महिन्यात झाला.

ती सहावी मॅच म्हणजे बफेलोत झालेली शेवटची प्लेऑफ मॅच, साहेब. तेव्हा जन्माला यायचं असलेलं पोर आता माझ्या खांद्याला लागतंय आणि त्याने आपल्या टीमची प्लेऑफची एकही मॅच बघितलेली नाही. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लीगमध्ये ३२ टीम आहेत आणि त्यातल्या १६ प्लेऑफला जातात, म्हणजे निम्म्या. मधल्यामध्ये राहिलं तरी भागतं. तेवढंही सलग १४ सीझन न जमलेली या लीगच्या इतिहासातली ही एकमेव टीम आहे.

आता आधी तुमच्या बाजूचं बोलतो, कारण सगळं तुमच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. तुम्ही जून २०२० मध्ये आलात तेव्हा नऊ सीझन आधीच वाया गेलेले होते. २०१४-१५ ला मुद्दाम तळाला जाऊन ड्राफ्टमधला पहिल्या नंबरचा पिक मिळवायचा खेळ झाला, तो तुमचा नव्हता, त्या वर्षी आपल्याच बिल्डिंगमध्ये आपल्याच लोकांनी ॲरिझोनाच्या विजयी गोलला टाळ्या वाजवल्या आणि शेवटी त्या पिकच्या लॉटरीत, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. रायन ओ'रायलीला सेंट लुईसला विकलं ते तुमच्या आधीच्या साहेबांनी, आणि पुढच्याच वर्षी तो स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून प्लेऑफचा बेस्ट प्लेयर झाला. जेफ स्किनरला आठ वर्षांचे ७२ मिलियन तुम्ही दिले नव्हते. आणि तुम्हाला खुर्ची मिळाली तो दिवसही काय होता, एकाच दिवशी हॉकी डिपार्टमेंटची २२ माणसं काढली पेगुला साहेबांनी, स्काउटपासून सगळी, आणि उरलेल्या रिकाम्या घरात तुम्हाला, ज्यांनी याआधी जनरल मॅनेजरचं काम कधी केलं नव्हतं, त्यांना बसवलं. टेज थॉम्पसनवर तुम्ही विश्वास ठेवलात, एकाच चांगल्या सीझननंतर त्याला सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलंत आणि त्याने यंदा ४४ गोल मारले. रायन मॅक्लाउडचा सौदा चांगला होता. ॲलेक्स टक तर सिराक्यूजजवळचा, लहानपणापासून याच टीमचा फॅन, असा माणूस तुम्ही आणलात. हे सगळं मान्य.

पण पाच वर्षं झाली. आता जे आहे ते तुमचंच आहे.

पहिली आणि माझ्या मते मुळातली तक्रार. आमच्याकडे घरी हापूसची कलमं होती. कलम लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं आलेला मोहोर आजोबा स्वतःच्या हाताने खुडून टाकायचे, झाडाने आधी खोड धरावं म्हणून. आम्हा पोरांचा जीव तुटायचा पण वाट बघायची हे तेव्हाच शिकलो. तेव्हा ‘चाहत्यांना धीर नाही’ हे मला तरी सांगू नका. ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांचं पोरगं घेतलं की ते तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, चोविशी-पंचविशीला ते खरं बहरात येतं, हे इथल्या शाळकरी मुलांनाही माहितीये. म्हणूनच विचारतो, आपण नेमकं त्याच वयाला त्यांना का सोडतो? राइनहार्ट २०१४ चा दुसरा पिक, २५ व्या वर्षी तुम्ही त्याला फ्लोरिडाला दिलंत, २०२३-२४ मध्ये त्याने ५७ गोल मारले आणि कपच्या फायनलच्या सातव्या मॅचमधला विजयी गोल त्याचाच. आयकल पंचविशीत गेला. लायनस उलमार्कला जाऊ दिलंत, एक डॉलर न घेता, दोन वर्षांत तो बॉस्टनमध्ये लीगचा बेस्ट गोली (गोलकीपर) ठरला. ब्रँडन माँटूरला एका तिसऱ्या राउंडच्या पिकवर सोडलंत, त्याच्याही हातात कप. कझन्स २४ चा, मार्चमध्ये ऑटावाला. आता पीटरका २३ चा. म्हणजे आता वय आणखी खाली यायला लागलंय.

खतपाणी आपलं, पाच वर्षं पराभव सोसणं आपलं, आणि झाड धरायला लागलं की बाग दुसऱ्याची. बदल्यात काय येतं, तर परत पिक, परत अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, आणि घड्याळ परत शून्यावर. याला तुम्ही रिबिल्ड म्हणता. बांधणं म्हटलं की कधीतरी छप्पर पडायला हवं ना वर, इथे दर चार वर्षांनी पाया खणताय.

मला माहितीये तुम्ही म्हणाल राइनहार्ट, आयकल यांनाच इथे राहायचं नव्हतं. आयकलच्या बाबतीत तर मानेच्या ऑपरेशनवरून भांडण झालं, टीमचे डॉक्टर म्हणत होते मणके जोडा, तो म्हणत होता कृत्रिम डिस्क बसवा, आणि नियमाने निर्णय टीमचा. नियम तुमच्या बाजूने होता, कबूल. पण व्हेगसच्या टीमने त्याला त्याचं ऑपरेशन करू दिलं, तो बरा झाला, २०२३ ला कप उचलला आणि त्या प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (गोल अधिक असिस्ट) त्याचे. माणसाला राहावंसं का वाटत नाही याचं उत्तर दर वेळी त्या माणसात शोधायचं का? एक गेला तर त्याचा स्वभाव. एकामागून एक सहा गेले तर मग घरात काहीतरी बिनसलंय.

दुसरी तक्रार २०२३ च्या उन्हाळ्याची, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते तुमच्या कारकिर्दीतला सगळ्यात महागात पडलेला निर्णय म्हणजे त्या उन्हाळ्यात तुम्ही न घेतलेला निर्णय. त्या सीझनला टीम म्हणून टेबलमध्ये आपण ९१ पॉइंट केले. फ्लोरिडाचे ९२. एका पॉइंटने गेलं हो! आणि तीच फ्लोरिडा पुढे थेट कपच्या फायनलला गेली. ८२ मॅचमधला एक पॉइंट म्हणजे एखादी मॅच ओव्हरटाइमपर्यंत खेचणं, बास. गोल तर आपण धबधब्यासारखे मारत होतो, थॉम्पसनचे ४७, प्रश्न होता गोलीचा, मुख्य गोलींपैकी एक होते क्रेग अँडरसन, वय ४१, सच्चा माणूस पण ४१. सीझनमध्ये तुम्ही जॉर्डन ग्रीनवेला आणलंत, ठीक आहे, पण गोली नाही आणला.

तुम्ही स्वतः २००६ ला कॅरोलायनाकडून कप जिंकलात. आपल्यालाच कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या मॅचमध्ये हरवून पुढे गेला होतात, आणि आपल्या बेंचमागे तेव्हाही, आतासारखेच, कोच म्हणून लिंडी रफच होते. त्या तुमच्या टीमने काय केलं होतं आठवा. टीम चांगली चाललीये असं दिसल्यावर जानेवारीत डग वेट आणला, मार्चमध्ये मार्क रेकी आणला. दोघंही मुरलेले. दार थोडं उघडलंय हे दिसलं की खांदा लावायचा असतो हे तुम्ही ड्रेसिंग रूममध्ये बसून बघितलंय, आमच्यासारखं टीव्हीवर नाही. मग २०२३ ला दार उघडलेलं असताना तुम्ही काय केलंत? दोन डिफेन्समन घेतलेत, कॉनर क्लिफ्टन आणि एरिक जॉन्सन, आणि गोलीची सगळी जबाबदारी टाकलीत डेव्हन लीवायवर, ज्याने तोपर्यंत लीगमध्ये सात मॅच खेळलेल्या. सात! मुलगा गुणी आहे, पण २१ वर्षांच्या पोराच्या पाठीवर बारा वर्षांचा दुष्काळ ठेवायचा नसतो. पुढचा सीझन ८४ पॉइंट. कोच डॉन ग्रनाटो गेले. त्याच्या पुढचा, म्हणजे यंदाचा, ७९. जिन्याने चढत होतो ते वळून उतरायला लागलो.

माझा मुलगाही गोली आहे म्हणून हे मला जास्त लागतं. शनिवारी पहाटे साडेपाचला रिंकवर त्याचे पॅड बांधायला मी खाली बसतो, पट्टे थंडीने कडक झालेले असतात, बोटं बधिर होतात, आणि तो वरून सांगत असतो बाबा डावा अजून आवळ. त्याच्या कोचने त्याला वरच्या वयोगटात टाकायच्या आधी अख्खं एक वर्ष थांबवलं होतं, का तर गोलीचा आत्मविश्वास एकदा फुटला की जुळवायला फार वेळ लागतो. पोरांच्या टीमच्या कोचला जे कळतं त्याचा विचार तुमच्याकडे झाला नसेल असं मी म्हणणार नाही. झाला आणि तरीही तसंच केलंत, हे जास्त वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट डिसेंबरची. सलग १३ मॅच हरलो. त्यातली कोलोराडोची तर आपण ४-० पुढे असून ५-४ ने घालवली, मी आणि मुलगा वरच्या मजल्यावर होतो, शेवटी लोक ओरडतही नव्हते, नुसते जॅकेट घालत होते. त्याच आठवड्यात तुम्ही पत्रकारांसमोर बसून सांगितलंत की आपल्याकडे पामची झाडं नाहीत, न्यूयॉर्क राज्यात टॅक्स जास्त आहे, खेळाडू यायला तयार होत नाहीत. साहेब, तुम्ही क्लॅरेन्सला वाढलात, माझ्या घरापासून वीस मिनिटं. तुमच्या तोंडून हे ऐकणं जड गेलं. एडमंटनला कुठे पामची झाडं आहेत? मागच्या वर्षी आणि या वर्षीही फायनल खेळले. विनिपेगला इथल्यापेक्षा जास्त थंडी, रेग्युलर सीझनला यंदा सगळ्या लीगमध्ये पहिले आले. खेळाडू ऊन बघून जात असतील थोडे, पण बहुतेक जण जिंकणारी टीम बघून जातात. आणि हो, तुम्ही त्याच दिवशी असंही म्हणालात की जिंकायला लागलो की हे बदलेल. मग जिंकायचं काम कुणाचं आहे?

या गावाबद्दल मला एक सांगायचंय. डिसेंबर २०२२ चं ते वादळ तुम्हाला आठवत असेल, ख्रिसमसच्या दोन दिवस आधी आलं आणि चाळीसच्या वर माणसं गेली. आमची वीज गेली, घरात श्वास दिसायला लागला, पोरांना जॅकेट घालून रजईत बसवलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा, सत्तरी ओलांडलेले, आमच्या दारापर्यंत फावड्याने वाट काढत आले, डोक्यावर सेबर्सची जुनी टोपी, भुवयांवर बर्फ, म्हणाले आमच्याकडे गॅसची शेगडी चालू आहे, सगळे चला. दीड दिवस आम्ही नऊ जण त्यांच्या एका खोलीत होतो. ते १९७५ ची फायनल, १९९९ ची फायनल, ब्रेट हलचा तो वादग्रस्त गोल, सगळं रंगवून सांगत होते पोरांना. जुन्या ऑडिटोरियमपासूनची त्यांची सीझन तिकिटं. गेल्या वर्षी त्यांनी ती सोडली. भांडण नाही, चिडचिड नाही, फक्त म्हणाले आता जिने चढवत नाहीत. त्यांचे गुडघे चांगले आहेत, रोज कुत्र्याला घेऊन तीन मैल चालतात.

तेव्हा या गावात कमी आहे असं कृपा करून परत म्हणू नका.

बाकी बारीकसारीक बरंच आहे. स्किनरचं कॉन्ट्रॅक्ट पैसे देऊन मोडलंत, त्याने पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी झाली आणि त्या जागेत मोठं नाव एकही आलं नाही. ऑक्टोबरमध्ये प्रागला जाऊन दोन मॅच हरून सीझन सुरू केला. १३ मॅच हरताना तुमच्याकडून एकही मोठी हालचाल नाही, शेवटी मालकांना मॉन्ट्रियलला जाऊन टीमशी बोलावं लागलं. आणि पीटरकाच्या बदल्यात आलेले मायकल केसलरिंग आणि जॉश डोन वाईट नाहीत, मी खरंच म्हणतोय, उजव्या बाजूला उंच डिफेन्समन हवाच होता. पण ६८ पॉइंट करणारा गेला तर ते गोल आता कोण मारणार, याचं उत्तर त्या सौद्यात नाही. परवा पहिल्या राउंडला परत डिफेन्समनच घेतलात, रादिम मृत्का. उंचापुरा मुलगा आहे, चांगलाही निघेल. २०२९ च्या आसपास. तोवर माझा मुलगा कॉलेजात असेल.

आता मागण्या. परवा १ जुलै, फ्री एजंटचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतोय, म्हणून आजच लिहितोय.

लीगची पगाराची मर्यादा पुढच्या सीझनला ९५.५ मिलियन झालीये. ती पूर्ण वापरा. पेगुला साहेब, हे तुमच्यासाठी, २०११ ला टीम घेतलीत तेव्हा तुम्ही स्वतः म्हणाला होतात की आजपासून या टीमच्या असण्याचं कारणच स्टॅनली कप जिंकणं. आम्ही ते खरं मानलं, अजूनही मानतो. मग तिजोरीचं तोंड अर्धं बांधून ठेवू नका.

एक अनुभवी गोली आणा, ज्याने प्लेऑफ खेळलीये. आपला मुख्य गोली लुक्कोनेन एकटा पुरणार नाही हे यंदा दिसलं, आणि लीवायला रॉचेस्टरला, आपल्या खालच्या टीममध्ये, शांतपणे मुरू द्या.

डालिन, थॉम्पसन, टक यांच्यातल्या कुणालाही पिकच्या बदल्यात विकणार नाही हे जाहीर सांगा. टकचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या उन्हाळ्यात संपतंय, त्याच्याशी आत्ता बोला, मार्चमध्ये नाही. डालिन २०१८ पासून इथे आहे, सात वर्षं, प्लेऑफची एक मॅच नाही. त्याच्याकडे बघून तरी.

तुमच्या वर किंवा शेजारी, काय म्हणायचं ते म्हणा, ज्याने ही कामं दुसऱ्या टीममध्ये करून दाखवलीत असा एक हॉकीचा जाणकार बसवा. यात तुमचा अपमान नाही. पहिल्यांदा गाडी शिकताना शेजारी कुणीतरी बसतंच, तुम्हाला पाच वर्षं एकट्याला सोडलं ही मालकांची चूक, ती त्यांनी सुधारावी.

आणि शेवटची. एक तारीख द्या. ‘योग्य दिशेने चाललोय’ नको. एप्रिल २०२६ ला प्लेऑफमध्ये असू, नसलो तर मी खुर्ची सोडेन, एवढं एक वाक्य तुम्ही परवाच्या पत्रकार परिषदेत बोला. तुम्ही इथलेच आहात, तुम्ही शब्द दिलात तर लोक मानतील आणि सीझनभर तुमच्या पाठीशी उभे राहतील, मीसुद्धा.

मी मुलाला विचारलं, ऑक्टोबरला नवी जर्सी घ्यायची का, कुणाचं नाव टाकायचं. तो म्हणाला घेऊ, पण नाव परवा अॅडम्स काय बोलतात ते ऐकून सांगतो.

आपला,
एक सेबर्सप्रेमी बाप
ॲमहर्स्ट, न्यूयॉर्क